मदत हवी आहे: पोराच्या गेममध्ये गेलेले पैसे परत मिळतात काय?

मंडळी, आम्ही राजारामपुरीत राहतो. धाकटा चौथीत आहे. मोबाईलवर एक 'फुकट' गेम खेळतो, फुकट म्हणजे नावालाच! रुपयांऐवजी हिरे दाखवतात, त्यामुळं किती गेले ते पोराला कळतच नाही. 'ऑफर संपायला दोन मिनिटं' म्हणत आकडे उलटे पळतात, आणि हिरे देऊन, आत काय निघेल ते आधी न सांगणारी पेटी उघडली की पुन्हा गेममधली तीच टोपी. बेल्जियमनं २०१८ मध्येच पैशाच्या असल्या पेट्या जुगारात धरल्या, इथं मात्र सगळं बिनबोभाट.

प्ले स्टोअरची ४८ तासांची रिफंडची मुदत टळलीय. गेमवाल्यांना मेल केला, तर छापील उत्तर आलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर अशी तक्रार कुणी केलीय काय? सोबत काय जोडलं? आणि गेम काढला की घरात रणकंदन होतं, त्यावर तुम्ही काय केलंत?