एकट्यानं होत नाही असं घरातलं काम सांगा (अनुभव धागा)

काल आमच्या घरी कुरड्या झाल्या. मी, आत्याबाई (माझ्या सासूबाई), जाऊबाई, शेजारच्या दोन काकू अन् जाऊबाईची दहावीतली पोरगी. गहू तीन दिवस भिजत होते, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढला, रात्रभर बसू दिला अन् पहाटे साडेचारला चूल पेटवली. ऊन चढायच्या आत सगळं गच्चीवर पसरून झालं पाहिजे ना, आमच्या अकोल्याकडे वैशाखात दहा वाजल्यावर गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही. चीक शिजवताना एकीनं धार सोडायची अन् दुसरीनं घोटायचं, घोटणारीचा हात थांबला की गाठ झालीच समजा, म्हणून हे काम एकटीला जमतच नाही. आत्याबाई धार सोडत होत्या, मी घोटत होते, अन् लग्न होऊन अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या मला म्हणाल्या, "आता धार तू सोड, मी घोटतो." धार सोडणं म्हणजे मोठेपणाचं काम असते आमच्याकडे, तिथं अंदाज लागतो. मला काही बोलताच आलं नाही. नंतर सगळ्या जणी वाटीत गरम चीक, वरून तूप अन् साखर घेऊन पायरीवर बसलो, अन् तेव्हा वाटलं की हे विचारावं सगळ्यांना. तुमच्या घरी असं कोणतं काम आहे, सणाचं म्हणा, रांधण्याचं म्हणा, जे एकट्यानं होतच नाही? लहान असो मोठं असो, लिहा. वऱ्हाडीत लिहा, झाडीबोलीत लिहा, जसं येते तसं लिहा.

दर्यापूर तालुका, शेतकरी

मले खांदेमळणीचं सांगाचं आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुऊन आणले की संध्याकाळी बाबा त्याईचे खांदे गरम पाण्यानं शेकत, मंग लोणी अन् हळद लावून पळसाच्या पानानं चोळत. वर्षभर जू वागवून खांद्यावर घट्टा पडते, तो हाताले लागे. एक जण कासरा धरून उभा, बाबा चोळून रायले अन् मी कंदील घेऊन बाजूले. चोळता चोळता बाबा बैलाच्या कानाशी जाऊन म्हणत, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. त्या टायमाले आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे.

आता आमच्या घरी बैल नाहीत, ट्रॅक्टरवर वाही होते. जोडी विकली त्या रात्री बाबा जेवले नाहीत. शेजारच्या काकाजीकडे एक जोडी उरली आहे, त्यांचा पोरगा पुण्याले असते, म्हणून खांदेमळणीले दरवर्षी आमीच जातो. काकाजी कासरा धरतात, मी चोळतो, माहा पोरगा बॅटरी दाखवते. गेल्या पोळ्याले त्यानं इचारलं, बाबा, बैलाले आवतन समजते काय? मी म्हणलं उद्या पाय. दुसऱ्या दिवशी तोरणाखालून पोळा फुटला, झडत्या (पोळ्याची गाणी) झाल्या, अन् काकाजी जोडी घेऊन पयले आमच्याच दारात आले. मायनं बैलाचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणाची पोळी पुढे केली, तर पांढऱ्या बैलानं परातीतल्या सगळ्या पोळ्या एका दमात खाल्ल्या. पोरगं घरात पळत गेलं, "आजी, त्याले समजलं होतं!" मायनं बोजारा (मानाचे पैसे) दिला तो काकाजीनं पोराच्याच हातात ठेवला.

हिंगणघाटकडून

पोळ्याचं वाचलं म्हणून दुसऱ्या दिवसाचं लिहितो. तान्ह्या पोळ्याला आमचा सागाचा नंदी निघतो, आबाजीनं गावच्या सुताराकडून करून घेतला होता, एक चाक दोनदा बदललं आहे. लहानपणी मी ओढायचो अन् मोठी बहीण मागून ढकलायची कारण नंदी माझ्यापेक्षा उंच होता. यंदा तिचा पोरगा ओढणार, माझी पोरगी ढकलणार. एवढंच.

काटोल तालुक्यातून, वय ६२

मांडे! पुरणाचे मांडे एकटीनं होत नाहीत बरं. चांगला गहू, पीठ बारीक चाळलेलं अन् कणीक इतकी सैल की नव्या सुनेला वाटावं हे बिघडलं आता. ती पाण्याचा हात लावून लावून परातीत आपटायची, आपटायची, तार सुटेपर्यंत. मग पुरण भरून गोळा दोन्ही हातांवर खेळवायचा, तो पसरत पसरत कोपरापर्यंत येतो, अन् चुलीवर उलट्या ठेवलेल्या मडक्यावर अलगद सोडायचा. मांडा हातावर असताना जाळाकडे पाहता येत नाही, म्हणून चुलीपुढे दुसरी बाई लागतेच. जाळ जास्त झाला तर मांडा करपतो, कमी झाला तर मडक्याला चिकटतो. माझ्या सासूबाई मांडे टाकायच्या अन् जाळाला मी, १९८४ पासून. पऱ्हाट्या, तुराट्या, मधूनच एक बाभळीचं लाकूड. त्या कधी सांगायच्या नाहीत जाळ वाढव म्हणून, नुसता श्वास ऐकून मला कळायचं. त्या गेल्यावर पहिल्या वर्षी मी मांडे टाकायला बसले अन् जाळाला माझी सून बसली, नागपूरची, तिनं चूल कधी पाहिली नव्हती. धुरानं तिचे डोळे लाल झाले पण उठली नाही हो. चौथ्या मांड्याला मी काही न सांगता तिनं एक लाकूड मागं ओढलं. मी म्हटलं, झालं, आता ही आपली चूल झाली.

अचलपूरकडून

आमच्याकडे रोडगे. वावरातल्या मारुतीला वर्षातून एकदा. एकात एक वाट्यांसारखे थर देऊन गोळा वळायचा, गोवऱ्या जळून विस्तव खाली बसला की त्यात पुरायचे. वळायचं, भाजायचं, राख पुसायचं सगळं माणसांकडे, बायांनी त्या दिवशी नुसतं निंबाखाली बसायचं अन् गप्पा मारायच्या हा आमच्या पणजोबापासूनचा नियम आहे. सोबत वरण अन् वांग्याची झणझणीत भाजी, रोडगा फोडून त्यात तूप. माझी माय म्हणते वर्षातलं एकच आयतं जेवण, म्हणून त्याची चव वेगळी.

वडसा, गडचिरोली जिल्हा

आम्ही झाडीपट्टीतले, आमच्याकडे धान, तर आमची तऱ्हा जरा वेगळी आहे. दिवाळी झाली की गावोगाव मंडई (जत्रा) भरते अन् रात्री नाटक. मंडईच्या दिवशी घरात पंधरा-वीस पाहुणे ठरलेले, लेकी-जावई, त्यांचे शेजारी, कोणाचे तरी मित्र. सकाळपासून तांदळाच्या पिठाचे आयते (धिरडी) काढायचे, तीन चुली, तीन तवे, एक जण टाकते, एक उलटते, एक पानात वाढते, अन् कढई दुसरीकडे वड्यांची. मी शाळेत असताना माझं काम होतं पाहुण्यांना पाणी देणं अन् नाटकाच्या जागेवर संध्याकाळीच सतरंजी टाकून राखत बसणं. रात्रभर नाटक पाहायचं, थंडीत एका घोंगडीत चार जणं, पहाटे घरी येऊन उरलेले आयते चहात बुडवून खायचे. आता मी नोकरीला बाहेर आहे. दिवाळीला सुट्टी नाही मिळाली तरी चालते, मंडईची मी सोडत नाही.

यवतमाळ जिल्हा, कापूसवाली

सीतादहीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. पहिला कापूस वेचायला जायच्या आधी वावरात पऱ्हाटीच्या झाडाजवळ पाच दगड मांडतो, हळदकुंकू वाहतो, दहीभाताचा नैवेद्य दाखवतो, मगच कापूस वेचायची ओटी कमरेला बांधतो. ज्या बाया वेचायला येतात त्यांच्यासोबतच बसून तो दहीभात खायचा, मालकीण वेगळी बसली तर ते सीतादही नव्हे असं माझी आजी म्हणायची. भाव कमी असो, बोंडअळी येवो, पाऊस पऱ्हाटी झोपवो, हा दहीभात आम्ही चुकवला नाही. पहिली बोंडं वेचून देवापुढे ठेवतो अन् त्याच्याच वाती वळतो, त्या वाती दिवाळीला लागतात.

मेहकरकडून

आमच्याकडे महालक्ष्म्या. मोठ्या दादाकडे बसतात, सगळे भाऊ तिथं जमतो. कोथळ्यांत धान्य भरायचं, मुखवटे बसवायचे, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, कढी, वर फुलोरा. लुगडं नेसवायला दोघी जणी लागतात, एकीनं मूर्ती धरायची, एकीनं निऱ्या करायच्या. हे काम आई अन् मोठी वहिनी करायच्या, इतर कोणाला हात लावू देत नसत. आई मागच्या वर्षी फाल्गुनात गेली. भादव्यात वहिनी निऱ्या घेऊन उभ्या राहिल्या अन् मूर्ती धरायला कोणीच पुढे येईना, सगळ्या सुना एकमेकींकडे पाहत होत्या. शेवटी दादा उठला, पासष्ट वर्षांचा माणूस, हातपाय धुऊन आला अन् ज्येष्ठेला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. वहिनींनी आईचंच हिरवं लुगडं काढलं होतं. निऱ्या होईपर्यंत दादानं मान वर केली नाही.

अकोल्याहून, धागा काढणारी

मेहकरचं वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. काटोलच्या काकू, एक विचारायचं राहिलं, मांड्याची कणीक किती वेळ भिजवता? आत्याबाई म्हणतात या दिवाळीत करून पाहू, जाळाला त्या बसणार आहेत.

काटोल तालुक्यातून, वय ६२

दोन तास तरी भिजू द्या, अन् आपटायला कंटाळू नका. मडकं आदल्या दिवशी तापवून घ्या, नवं असेल तर तडकते. पहिला मांडा फाटतोच, तो जाळाजवळ बसणारीला द्यायचा, गरम गरम, तूप लावून.