मदत हवी आहे: क्रोन्ससाठी दुर्बिणीतून ऑपरेशन, बडोद्यात कोणी केलंय का?

नमस्कार मंडळी, आम्ही दांडिया बाजारातले. धाकट्या भावाला क्रोन्स (आतड्याला वारंवार सूज येणारा जुनाट आजार) आहे, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथेच अरुंद झालंय, पोळी खाल्ली की पोट फुगून कळा येतात म्हणून मऊ भात नि ताकावरच चाललंय बिचाऱ्याचं. डॉक्टर म्हणतात तेवढा भाग दुर्बिणीतून काढू, पण आधी स्टेरॉइड कमी करायचं, नाहीतर आतड्याचा जोड लीक व्हायची भीती. आजार मुळासकट जाणार नाही हे माहितीये, आई मात्र अडून बसलीये की मग कापायचं कशाला! इथे किंवा अहमदाबादला कोणी केलंय का? पोटावर शौचाची पिशवी लागली का, नंतर औषधं कोणती चालू राहिली, कॅशलेसला कटकट झाली का, प्लीज सांगा. आणि काढे नकोत हं, आत्याने सगळे पाजून झालेत.