भाऊ मिलिटरीतून पाय गमावून घरी आलाय, आता पुढे काय?

अमळनेरचा धाकटा

नमस्कार मंडळी. लिहू का नको असं महिनाभर चाललं होतं, शेवटी लिहितोय. मोठा भाऊ (आम्ही दादा म्हणतो) आर्मीत नायक होता, १४ वर्षं सर्व्हिस. काश्मीरमध्ये पेट्रोलिंगला असताना माईनवर पाय पडला, डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मग हॉस्पिटल, मग पुण्याला आर्टिफिशियल लिंब सेंटरला पाय बसवला, मग मेडिकल बोर्ड, त्यात अपंगत्व ७० टक्के लिहिले आणि इनव्हॅलिड आऊट होऊन (म्हणजे अपंगत्वामुळे नोकरी सुटून) आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी घरी आला. आता पोळा येऊन ठेपला.

पहिला महिना काय विचारू नका. मिरवणूक, डीजे, ग्रामपंचायतीत सत्कार, शाळेत सत्कार, पतसंस्थेत सत्कार, शाली एवढ्या जमल्या की आईने त्यातल्या दोन गोधडीत भरल्या. मग सगळं थंड. आता दादा सकाळी ओट्यावर बसतो, दुपारी मोबाईल, संध्याकाळी परत ओटा. आई त्याला पाण्याचा तांब्या उचलू देत नाही, कोणी काही सांगितलं की लगेच "मना पोऱ्याले काही काम नका सांगू". येणारा जाणारा एकतर "अरेरे" करतो नाहीतर "जय हिंद" करतो, तिसरं कोणी काही बोलतच नाही.

आमचं सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि दादर (ज्वारी). त्याला वावरात यायचं असतं हे मला कळतं. जुलैमध्ये एकदा आला पण, काळ्या मातीत नकली पाय रुतला, ओढायला गेला तर सॉकेट (खऱ्या पायावर बसतो तो वरचा कप) सुटलं आणि दादा गाऱ्यात आडवा. मी आणि सालदाराने उचलून बांधावर आणला. एक शब्द बोलला नाही, त्यानंतर वावराचं नाव नाही.

मामा म्हणतो पेट्रोल पंप, शालक म्हणतात सिक्युरिटी, त्याचे फौजी मित्र म्हणतात बँकेची परीक्षा दे. कोणीतरी रोज मुरलीकांत पेटकरांचं पाठवतं, ६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या तरी १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात गोल्ड आणलं वगैरे. मोठाच माणूस, पण दादा एकदा चिडून म्हणाला "मला मेडल नको रे, मला काम पाहिजे". रात्री नसलेल्या पायाची बोटं दुखतात म्हणतो, आम्हाला तर काय करावं तेच सुचत नाही.

तर पैशाचं नक्की काय काय मिळतं, पाय सुटतो त्याचं काय करायचं, आणि याला कामाला कसं लावू, म्हणजे मी लावायचं का त्याचं त्याने ठरवायचं, तेच कळेना.

---

खान्देशी वाघ

जय जवान!! सलाम तुमच्या दादाला. पेट्रोल पंप घ्या, सरळ विषय. फौजीला लगेच मिळतो.

---

माजी हवालदार, साक्री

वाघभाऊ, लगेच काही मिळत नाही. ऑइल कंपनीची जाहिरात निघावी लागते, दिल्लीच्या डीजीआरचं (माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं ऑफिस) पात्रतेचं सर्टिफिकेट लागतं, वरून खेळतं भांडवल. दोन पंप आमच्या ओळखीत असे गेलेत की नाव फौजीचं आणि गल्ल्यावर दुसराच बसलेला. घाईने कुठल्याही पार्टनरच्या कागदावर सही करू नको म्हणावं.

धाकट्या, आधी पीपीओ, म्हणजे पेन्शनची ऑर्डर, काढ. फौजी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर त्याच्या लॉगिनला सापडेल. त्यात "डिसेबिलिटी एलिमेंट" लिहिलंय का "वॉर इंज्युरी एलिमेंट" ते बघ, सगळी गंमत या दोन शब्दांत आहे. साध्या डिसेबिलिटीत १०० टक्क्याला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात. वॉर इंज्युरीत इनव्हॅलिड होऊन आलेल्याला १०० टक्क्याला अख्ख्या शेवटच्या पगाराएवढं, आणि सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे नोकरीच्या वर्षांचं पेन्शन, दोन्हीकडे वरून वेगळं मिळतं. लष्करी ऑपरेशनमध्ये माईनवर पाय गेला म्हणजे बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतली जखम), पण युनिटने पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या नोंदींचा अधिकृत कागद) तसं छापलेलं पाहिजे. फिजिकल कॅज्युअल्टी (लढाईबाहेरची जखम) छापलं गेलं असेल तर पुढचं सगळं चुकत जातं.

दुसरं, ७० टक्के असले तरी पेन्शन ७५ नी धरायची. इनव्हॅलिड होऊन आलेल्याला ५० च्या खाली ५०, ५० ते ७५ ला ७५, त्याच्या वर १००, असा राऊंडिंगचा नियम १९९६ पासून आहे. ७० नेच हिशोब लावला असेल तर अर्ज टाका. कोणत्या निर्णयावर हरकत असेल तर पहिलं अपील सहा महिन्यांत, नाहीच जमलं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं खंडपीठ मुंबईला आहे. आणि इनव्हॅलिड झालेल्याच्या या पेन्शनवर इन्कम टॅक्स नाही, बँकेने कापला तर मागून घ्या. माझ्या साडूचा तीन वर्षं कापला जात होता, एका ऑफिसात विचारलं तर समोरचा म्हणे "सगळ्यांचाच कापतो".

जळगावला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलं का? नसेल तर पोळ्याआधी जाऊन या. ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या उपचारांचं), ग्रामपंचायतीची घरपट्टी माफी, मुलांची स्कॉलरशिप, सगळ्याची सुरुवात तिथल्या ओळखपत्रापासून होते. आणि आर्मीच्या बोर्डाचा कागद असला तरी यूडीआयडी कार्डसाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) सिव्हिल हॉस्पिटलला वेगळं जावं लागतं, दिव्यांगांच्या सिव्हिल योजनांना तेच मागतात. तिथे रांगेत बसायचा कंटाळा करतात आपले लोक. मीच दीड वर्ष केला.

नोकरीचं म्हणाल तर राज्याच्या क आणि ड वर्गात माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, बँकेत क्लार्कला साडेचौदा, त्यातले साडेचार अपंग माजी सैनिक आणि शहिदांच्या घरच्यांचे. पण जागा आहे म्हणून फॉर्म भरू नका, त्याला टेबलावर बसायचंय का ते आधी विचारा.

---

चोपड्याची सून

धाकटे भाऊ, मी बायको म्हणून लिहिते, आमच्यांचा हात आणि एक डोळा गेलाय, सात वर्षं झाली. कागदांचं हवालदार काकांनी सांगितलंच. मला तुमच्या आईंच्या तांब्यावर बोलायचंय.

आमच्याकडे सासूबाई त्यांना घास भरवायच्या. खरंच भरवायच्या, तीस वर्षांच्या माणसाला. त्या माऊलीचं पण चुकत नाही, मुलगा जिवंत परत आला एवढंच तिला दिसत असतं. पण एक दिवस यांनी ताट भिरकावलं आणि चार दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. मग मी सासूबाईंना म्हटलं, तुम्ही कानबाई देवीचे रोट करता तेव्हा दुसऱ्या कोणी हात लावलेला चालतो का तुम्हाला? नाही ना? तसंच त्यांचं आहे, त्यांचं काम त्यांचं. पटलं का माहीत नाही पण भरवणं बंद झालं. पडू दे हो तांब्या, सांडू दे पाणी.

पायाची बोटं दुखतात ते नाटक नाही आणि वेड पण नाही. पाय गेला तरी मेंदूला त्याचा नकाशा पाठ असतो, म्हणून दुखतं, याला फँटम पेन म्हणतात. यांना हाताचं व्हायचं, मूठ आवळलीय आणि नखं रुततायत असं म्हणायचे. आरसा मध्ये धरून चांगल्या हाताकडे बघत दोन्ही हात हलवायचा व्यायाम शिकवला होता, त्याने फरक पडला, सगळ्यांना पडतोच असं नाही, आणि गोळ्या पण असतात. पण डॉक्टरला सांगायला लागतं. फौजी माणूस डॉक्टरला "सब ठीक है सर" म्हणून परत येतो, म्हणून पहिल्यांदा तुम्ही सोबत जा. झोप लागत नसेल, फटाक्याला दचकत असेल, नको नको ते बोलत असेल तर १४४१६ वर टेली मानसला (मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) फोन लागतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. आमच्याकडे दिवाळीत हे वरच्या खोलीत दार लावून बसायचे, आता आम्हीच लक्ष्मीपूजनाला गावाबाहेर मळ्यात जातो, भरीत-पुरी करतो, मुलांना पण तेच आवडायला लागलंय.

आणि वहिनी कुठे आहेत या सगळ्यात? तुमच्या पोस्टमध्ये आई आहे, मामा आहे, सालदार पण आहे.

---

केळीवाला रावेर

मी स्वतः डावा पाय, गुडघ्याखाली, ११ वर्षं झाली. नऊ एकर केळी करतो. त्यामुळे तुमच्या दादाचं गाऱ्यात पडणं वाचून हसू पण आलं आणि पोटात पण कालवलं, मी कमीत कमी वीस वेळा पडलोय.

पहिली गोष्ट, सॉकेट ढिलं झालंय. ऑपरेशननंतर पहिलं वर्ष दीड वर्ष स्टंप (कापून उरलेला पाय) बारीक होत जातो, सूज उतरते, मांस कमी होतं, तेव्हाचं माप आता बसत नाही. नुसते मोजे वाढवून चालवत असेल, विचारा त्याला. मी चार चार मोजे चढवायचो. ते बंद, सरळ पुण्याला लिंब सेंटरला जाऊन नवीन सॉकेट करून घ्यायचं, माजी सैनिकाला तिथे पैसे लागत नाहीत, १९४४ पासून हेच काम करतायत. जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसने जा, राहायची तयारी ठेवा, एका दिवसात होत नाही. पुण्याला जातोच आहात तर खडकीला क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट पण बघून या, १९१७ पासून जखमी जवानांनाच शिकवतात, राहायची सोय आहे. मी गेलो नाही, माझ्यासोबतचा एक जण गेला, तो आज भुसावळला मोटार रिवाइंडिंग करतो आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो.

दुसरी गोष्ट, भारी पाय वावरात घालायचा नाही. माझ्याकडे दोन पाय आहेत, एक लग्नाचा आणि एक वावराचा. वावराचा म्हणजे जयपूर फूट, रबरी, वरून बूट लागत नाही, पाण्यात चालतो, उकिडवं बसता येतं, १९६८ पासून आपल्यासारख्या अनवाणी चालणाऱ्यांसाठीच बनवलेला आहे. तरी पण ओल्या काळ्या मातीत कोणताच पाय चालत नाही, दोन पायवालेच घसरतात तिथे. पाऊस पडला की दोन दिवस बांधावरून बघायचं.

उन्हाळ्याचं आत्ताच सांगून ठेवतो. मे महिन्यात आपल्याकडे ४५ जातं तेव्हा लायनरमध्ये (स्टंपवर चढवायचं रबरी आवरण) घाम साचून पाय सरकतो, चट्टे पडतात, फोड येतो आणि एक फोड म्हणजे पंधरा दिवस कुबडी. सकाळी अकरापर्यंत काम, मग पाय काढून स्टंप धुवून कोरडा करायचा, रोज आरसा घेऊन मागून बघायचा.

तिसरी गोष्ट ट्रॅक्टर. डावा पाय म्हणजे क्लच. मला दोन वर्षं वाटायचं ट्रॅक्टर संपला आपला. मग गावातल्या वेल्डरने क्लचच्या पेडलला हाताने ओढायचा दांडा जोडून दिला, पहिला वाकला, दुसरा जाड पट्टीचा केला तो अजून आहे. पण रोडवर नेऊ नका, बदल केलेल्या गाडीचं आरटीओत वेगळं करावं लागतं. गावात फिरायला बिनागियरची स्कूटर बेस्ट.

आणि भाऊ, कामाला "लावू" म्हणतोस ना, तिथेच घोळ आहे. वावराचा हिशोब कोणाकडे आहे? बियाणं कोणतं घ्यायचं, कापूस कधी विकायचा, सालदाराला किती द्यायचे, हे कोण ठरवतं? १४ वर्षं दहा पोरं घेऊन डोंगर चढणारा माणूस आहे, त्याला ओट्यावर बसवून तू एकटा ठरवतोस. वही देऊन बघ त्याच्या हातात.

---

पिंपळनेरकर

मध्येच विचारतो, माझा भाचा अग्निवीर आहे, त्याला पण हीच पेन्शन का?

---

माजी हवालदार, साक्री

नाही भो. अग्निवीराला पेन्शन नाही, ड्युटीमुळे अपंगत्व आलं तर टक्क्याप्रमाणे एकरकमी ४४, २५ किंवा १५ लाख, आणि उरलेल्या मुदतीचा पगार. भाच्याला सांग छोटी जखम असली तरी कागदावर घे, "किरकोळ आहे" म्हणून सोडू नको.

---

अमळनेरचा धाकटा

सगळ्यांचे आभार. पीपीओ काढला. त्यात डिसेबिलिटी एलिमेंटच लिहिलंय हवालदार काका, आणि हिशोब ७० नेच. पार्ट टू ऑर्डरची कॉपी युनिटकडून मागवलीय, सोमवारी जळगावला जातोय. वहिनीचं लिहिलं नव्हतं हे खरं आहे ताई, ती माहेरी नाही, इथेच आहे, पण रात्रीचं दुखणं मला माहीत झालं तेच तिच्याकडून. आणि मोजे विचारले. पाच.

वही कपाशीच्या खर्चाची होती, काल ओट्यावर ठेवून आलो, काही बोललो नाही. संध्याकाळी बघितलं तर युरियाच्या रकमेला लाल गोल केलेला आणि पुढे प्रश्नचिन्ह.

---

अमळनेरचा धाकटा

मी धाकट्याचा दादा, त्याच्याच मोबाईलवरून लिहितोय, सगळं वाचलं. रावेरवाले भाऊ, तो दांडा पेडलला कुठे जोडला, वरून का खालून, आणि बाहेरच्या बाजूला का आतल्या? आमचा ट्रॅक्टर जुना आहे, क्लच जड आहे. फोटो टाका. पट्टी किती एमएमची ते पण सांगा, वेल्डर उद्या सकाळी येणार आहे.