फायनल फँटसी सेव्हन संपवला, आता ॲडव्हेंट चिल्ड्रन बघू का?

निळीछत्री:
मंडळी, या गेमचे नवे अवतार रिमेक आणि रिबर्थ खेळून झाल्यावर राहवेना म्हणून १९९७ चा मूळ गेम मोबाईलवर घेतला आणि काल रात्री संपवला. शेवटी मिटिऑर ही प्रचंड उल्का कोसळायला येते, जमिनीतून लाइफस्ट्रीम, म्हणजे ग्रहाची जीवनशक्ती, वर येतं, आणि मग एकदम ५०० वर्षांनंतरचं दाखवतात, आपल्या टोळीतला चार पायांचा बोलणारा प्राणी रेड थर्टीन दोन पिल्लांना घेऊन कड्यावर उभा, खाली मिडगर शहरावर झाडी वाढलेली, संपलं. अरे माणसं वाचली की गेली तेच कळेना, हिरो क्लाउडचं काय झालं, त्याच्या सोबतच्या टिफाचं काय झालं, झोपच लागली नाही.
२००५ चा ॲडव्हेंट चिल्ड्रन पिक्चर पुढची गोष्ट सांगतो असं कळलं पण जिथे वाचावं तिथे एकच, दिसायला भारी पण कथेत दम नाही. मित्र म्हणतो नुसत्या फाइट्स यूट्यूबवर बघ आणि सोडून दे. खरंच तेवढाच आहे का? आणि दोन व्हर्जन आहेत म्हणे, कुठलं बघू? थोडी स्टोरी कळली तरी चालेल.

सेव्हनथहेवन_नाका:
बघच रे. आणि तुकडे तर अजिबात बघू नकोस. तू जिथे थांबलायस ना, पिक्चर तिथूनच सुरू होतो, तोच रेड थर्टीन, तीच पिल्लं धावतायत, आणि मग पडद्यावर येतं, ४९८ वर्षांपूर्वी. म्हणजे गेम संपल्यावर फक्त दोन वर्षांनी.
कथेत दम नाही म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. गेममध्ये आपण खलनायक सेफिरॉथला हरवतो, क्रेडिट्स येतात, आपण मोकळे. पण ज्यांनी ते सगळं भोगलं ती माणसं दुसऱ्या दिवशी उठून काय करतात हे हा पिक्चर दाखवतो, आणि फार कमी गोष्टी त्या वाटेला जातात. मिडगरच्या बाजूला भंगारातून एज नावाचं नवीन शहर उभं राहिलंय, टिफा तिथे बार चालवते, क्लाउड मोटरसायकलवरून पार्सलं पोचवतो. आणि ज्या लाइफस्ट्रीमने सगळ्यांना वाचवलं त्यातच अवकाशातून आलेल्या जेनोव्हाचं विष मिसळलेलं, त्यातून जिओस्टिग्मा नावाचा आजार पसरलाय, लहान मुलांच्या अंगावर काळे डाग, आणि औषध काहीच नाही. क्लाउडलाही झालाय, डाव्या हातावर. तो बाहीने हात झाकतो, घरी कुणाला सांगत नाही, आणि घर सोडून एरिथच्या, म्हणजे गेममध्ये मारल्या गेलेल्या सोबतिणीच्या, चर्चमध्ये जाऊन राहतो.
त्यात फोनचा एक धागा आहे तो नीट बघ. टिफा फोन करते, बाकीचे करतात, हा उचलतच नाही, सगळे मेसेज साठून राहतात. मग फरगॉटन सिटीत, जिथे एरिथ मारली गेली तिथेच, मारामारीत त्याचा फोन पाण्यात पडतो आणि खाली खाली बुडताना एकेकाचा आवाज ऐकू येत राहतो, आणि सगळ्यात शेवटी एक आवाज असा येतो की जो फोनमध्ये असणं शक्यच नाही. ज्याने गेम खेळलाय त्याच्या अंगावर काटा येतोच. न खेळलेल्याला तो नुसता पाण्यात पडलेला फोन. यूट्यूबवरच्या फाइट्समध्ये हे कुठून मिळणार.

लाल_मटेरिया:
वरचं सगळं मान्य पण दुसरी बाजूही सांगतो, म्हणजे अपेक्षा नीट राहतील. कडाज, लॉझ, याझू हे पिक्चरमधले तिघे खलनायक कोण, कुठून आले, हे पिक्चर धड सांगत नाही, सेफिरॉथचे उरलेले अंश एवढं धरून चालायचं. युफी, सिड, केट सिथ हे गेममधले जुने सोबती एअरशिपमधून येतात, एकेक दोन वाक्यं बोलतात, झालं. आणि ज्याने गेम खेळला नाही त्याला सोबत बसवू नकोस, बिचारा दर पाच मिनिटांनी विचारेल हा कोण.
पण हे असं का झालं ते बघितलं तर पटतं. मुळात हे वीसेक मिनिटांच्या शॉर्ट फिल्मसारखं काहीतरी करायचं ठरलं होतं, ते वाढत वाढत पूर्ण पिक्चर झाला. दिग्दर्शक तेत्सुया नोमुरा, ज्यांनी गेममधली पात्रं डिझाइन केली, आणि लेखक काझुशिगे नोजिमा, गेमची कथा लिहिणाऱ्यांतलेच. त्याआधी २००१ मध्ये स्क्वेअरने द स्पिरिट्स विदिन काढला होता, त्यात नाव फायनल फँटसी पण गेममधलं कुणीच नाही, आणि तो जोरात आपटला. हा पिक्चर मात्र सरळ खेळणाऱ्यांसाठी केलाय, ओळख करून देण्यात वेळच घालवत नाहीत. मला तर ते आवडतं. तू ३ डिस्कचा गेम संपवलायस, तुला क्लाउड कोण हे परत कशाला सांगायचं.
बहामुट नावाच्या ड्रॅगनच्या फाइटमध्ये सगळे जण क्लाउडला हाताला धरून एकाच्या वर एक असं आभाळात फेकत जातात, अशक्य आहे सगळं, पण कोणत्या क्रमाने आणि शेवटचा हात कुणाचा ते बघ, मग कळेल की ती नुसती फाइट नाहीये.

गुलाबी_रिबन:
व्हर्जनबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. कम्प्लीट बघ, २००९ ला ब्लू-रेवर आलेला. आधीचा १०१ मिनिटांचा, यात २६ मिनिटं जास्त आहेत आणि ती भरती नाहीये. डेन्झेल नावाचा जो मुलगा क्लाउड-टिफाकडे राहतो, त्याचं दुःख या व्हर्जनमध्ये खरं कळतं. मिडगरच्या सेक्टर सेव्हनची प्लेट, म्हणजे खांबांवरचं वरचं शहर, पडली त्यात त्याचे आईबाबा गेले. आता आठव, ती प्लेट कुणी पाडली? शिनरा कंपनीने, तिच्या टर्क्स या पथकाकरवी. आणि इकडे पिक्चरमध्ये टर्क्समधलेच रेनो आणि रूड हसवतात, क्लाउडच्या बाजूने लढतात, आणि आपल्यालाही ते आवडायला लागतात. पिक्चर यावर भाषण देत नाही, पण गेम खेळलेल्या माणसाला ते टोचत राहतं, निदान मला तरी फार टोचलं.
आणि टिफा विरुद्ध लॉझ! एरिथच्या चर्चमध्ये, बाकं उडतायत, मागे पियानो, टिफा त्याला धूळ चारते आणि तेवढ्यात गेममध्ये लढाई जिंकल्यावर वाजते ना ती धून वाजते. वाटतं जिंकली. तर तो लॉझच्या फोनचा रिंगटोन असतो. मी जागेवरून उठलेच होते.
सगळ्यांच्या हाताला एक गुलाबी रिबन आहे, कुणासाठी ते तुला कळेलच.

निळीछत्री:
काय लोक आहात तुम्ही, ती प्लेटची गोष्ट वाचून अंगावर आलं एकदम. कम्प्लीटच बघतो, शनिवारी. जपानी ऑडिओ की इंग्रजी?

सेव्हनथहेवन_नाका:
जपानी, खाली इंग्रजी सबटायटल. मूळ गेममध्ये आवाज नव्हताच त्यामुळे तुझ्या कानात रिमेकचेच आवाज बसलेत, आणि जपानीत क्लाउड, टिफा, एरिथ तिघांचे कलाकार पिक्चरमध्ये आणि रिमेकमध्ये तेच आहेत. इंग्रजीत मात्र सगळे बदललेत. तू रिमेक इंग्रजीत खेळला असशील तर कुठलाही ऑडिओ लाव, आवाज नवीनच वाटणार, मग जपानीच बरा.
आणि शेवटच्या फाइटला हेडफोन घाल. गेमच्या शेवटच्या बॉसला जो कोरस होता तो नव्याने वाजवलाय, जड गिटार घालून.

गुलाबी_रिबन:
आणि क्रेडिट्स सुरू झाले की बंद करू नकोस हं. बघून झालं की इथेच लिही, डेन्झेलबद्दल तुला काय वाटलं ते मला ऐकायचंय.