इग्निशन कॉइल बदलायची आहे, कोणती घ्यावी?

यवतेश्वर (सातारा):
माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी नऊ वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात कासकडे जाताना घाटात तिने झटके खाल्ले आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. स्कॅनरवर पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचे मिसिंग (त्यात पेट्रोल नीट न पेटणे), असे दिसले. त्या सिलिंडरच्या प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइल गेली असे मेकॅनिकचे मत आहे. पोवई नाक्यावर मला तीन कॉइल दाखवण्यात आल्या. सर्वांत स्वस्त कॉइल आणि गाडीच्या कंपनीच्या खोक्यातली कॉइल यांच्या किमतीत जवळजवळ चौपट फरक आहे. एवढे पैसे मोजण्यात अर्थ आहे का, आणि चारही बदलाव्यात का?

कृष्णाकाठ (सांगली):
खरेदीआधी तिसऱ्या आणि पहिल्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करून गाडी चालवून पाहा. कोड पी ०३०१ झाला तर दोष कॉइलचा. तो तिसऱ्यावरच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन तपासावे लागेल. कॉइल उपसताना प्लगच्या खोबणीत तेल आहे का तेही पाहा, कारण टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळत असेल तर नव्या कॉइलचे रबरही तेलात फुगून खराब होईल. दिवा लुकलुकत असताना मात्र लांब जाऊ नका. न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, आणि त्याच्या खर्चापुढे कॉइल फारच स्वस्त वाटेल.

जुना_वायरमन (मिरज):
गाड्यांच्या कंपन्या कॉइल सहसा स्वतः बनवत नाहीत. डेन्सो, बॉश, डेल्फी अशा उत्पादकांकडून घेतात. जुन्या कॉइलच्या अंगावर उत्पादकाचे नाव आणि पार्ट नंबर असतो. त्याच उत्पादकाची, त्याच नंबरची कॉइल त्याच्या स्वतःच्या खोक्यात मिळाली तर ती बहुधा कंपनीच्या खोक्यातल्या कॉइलपेक्षा स्वस्त पडते, आणि मी तीच घेईन. बारा व्होल्टचे वीस ते चाळीस हजार व्होल्ट करणाऱ्या या वस्तूत सगळी मदार आतल्या तारेवर आणि इपॉक्सीच्या भरणावर असते. भरणात पोकळी राहिली की उष्णतेने तडा जातो आणि ठिणगी प्लगऐवजी इंजिनच्या धातूच्या हेडकडे पळते. हा दोष बाहेरून दिसत नाही. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये बहुधा इग्नायटर (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आतच असल्यामुळे साध्या मल्टिमीटरनेही ती नीट जोखता येत नाही. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावरच घ्या, आणि विजेचा माल परत घेतात का हे पैसे देण्याआधी विचारा.
चारही बदलण्याची गरज मला वाटत नाही. प्लग मात्र जुने असतील तर चारही बदला. प्लगमधले अंतर झिजून वाढले की ठिणगीसाठी कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावे लागते, आणि माझ्या अनुभवात निम्म्या कॉइल अशाच मेल्या आहेत.

यवतेश्वर (सातारा):
अदलाबदल केल्यावर पी ०३०१ आला. खोबणीत तेलही निघाले, जे मेकॅनिकने मला सांगितलेच नव्हते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, चार प्लग आणि जुन्या नंबरची एकच कॉइल मागवली आहे.