अनुभव धागा : दमट उकाड्यात परसातल्या कोंबड्या कशा सांभाळता?

बडोद्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा आपण सगळेच सावध असतो. माझ्या दोन तलंगा (तरुण कोंबड्या) मात्र मे महिन्यात नव्हे, तर गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस दगावल्या. त्या दुपारी पारा जेमतेम 36 अंशांवर होता, आभाळ भरून आले होते, वारा पडला होता, आणि मी उन्हाळ्यातल्या सवयीने खुराड्याची जाळी चारही बाजूंनी ओल्या गोणपाटांनी झाकली होती. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान एरवीच 41 अंशांच्या आसपास असते आणि ते वाढू लागले की ती चोच उघडून धापा टाकते, म्हणजे श्वासावाटे ओलावा बाहेर टाकून अंग निववते. हवा आधीच ओलाव्याने जड झालेली असेल, तर ही बाष्पक्रिया मंदावते. माझ्या गोणपाटांनी त्या कोंदट हवेत आणखी ओलावा भरला आणि होता तेवढा वाराही अडवला. हे मला उशिरा कळले, म्हणून आपापले अनुभव तपशिलाने लिहावेत अशी सर्वांना विनंती आहे.

मांजलपूरहून

ओल्या गोणपाटांचा उपाय कोरड्या लूमध्ये उत्तम आहे, आमच्या गुजराती शेजाऱ्यांच्या शब्दांत ‘बफारो’, म्हणजे दमट उकाडा, सुरू झाला की तो सोडून द्यावा. आमचे खुराडे पत्र्याचे आहे. छपराखाली चारही बाजूंनी वीतभर जागा उघडी ठेवून तिला बारीक जाळी मारली, कारण तापलेली हवा वर चढून तिथेच कोंडते. पत्र्याला चुना लावला आणि वर वाळलेल्या गवताचा थर घातला. परंतु खरा फरक जुन्या उभ्या पंख्याने पडला. पंखा आम्ही आधी उंचावर ठेवला होता, तेव्हा कोंबड्यांपर्यंत वारा पोहोचतच नव्हता. त्यांच्या पाठीच्या उंचीवर आणल्यानंतर त्या स्वतःहून पंख किंचित उचलून त्याच्यासमोर उभ्या राहू लागल्या. वायर त्यांच्या चोचीला लागणार नाही, याची काळजी घ्यावी.

कारेलीबागेतून

माझ्याकडे थर्मामीटर नाही, दमटपणा मोजण्याचे यंत्र तर नाहीच. मी स्वयंपाकघरातला माठ पाहते. माठ बाहेरून पाझरतो, त्या ओलाव्याची वाफ होते आणि आतले पाणी थंड होते. कोंबडीची धापही याच नियमाने चालते. ज्या दिवशी माठातले पाणी कोमट लागते, त्या दिवशी कोंबड्यांची धाप पुरेशी पडणार नाही असे समजून मी दुपारी घराबाहेर जात नाही. प्लॅस्टिकच्या भांड्यातले पाणी तापले की कोंबड्या ते पिणे टाळतात, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांना दुपटीने पाणी लागते. म्हणून पेरूच्या झाडाखाली दोन ठिकाणी मातीच्या कुंड्या ठेवते, दिवसातून चार वेळा पाणी बदलते आणि दुपारी त्यात बर्फाचे खडे टाकते. शेजारी पसरट परातीत दोन बोटे पाणी असते. पायांना पिसे नसल्यामुळे त्या पाण्यात उभे राहून त्यांच्या अंगातली उष्णता उतरते.

वाघोडिया रस्त्यावरून

दाणा कधी घालता, हेही पाहावे. अन्न पचताना शरीरात उष्णता निर्माण होते, त्यामुळे सकाळी नऊला भरपेट खाल्लेल्या कोंबडीला ती उष्णता भर दुपारी सोसावी लागते. मी पहाटे उजाडताच आणि ऊन उतरल्यावर दाणा घालतो. मधल्या वेळी फक्त काकडी किंवा कलिंगडाच्या साली. जूनमध्ये अंड्यांची कवचे इतकी पातळ होत होती की हातात फुटत. सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारे कॅल्शियम नीट उपलब्ध होत नाही, असे एका पशुवैद्यांनी समजावले. कवच मुख्यतः रात्री तयार होते, म्हणून शिंपल्यांचा चुरा संध्याकाळच्या दाण्याबरोबर ठेवतो.

दांडिया बाजारातून

खुडूक कोंबडीला विसरू नये. ती दिवसातून एखाद्या वेळीच अंड्यांवरून उठते आणि कोंदट खोक्यात तशीच तापत राहते. आम्ही तिला दुपारी अलगद उचलून पाण्यापाशी नेतो.

अकोट्याहून

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून दोन गोष्टी आग्रहाने सांगते. उष्णतेची धाप सावलीत, वाऱ्यात आणल्यावर हळूहळू कमी होते. गार पहाटेही धाप चालू असेल, हिरवट हगवण असेल किंवा मान वाकडी होत असेल, तर मानमोडीची (राणीखेत या साथीच्या रोगाची) शंका घेऊन त्या पक्ष्याला वेगळे करावे आणि पशुवैद्यांना दाखवावे. दुसरे असे की, कोंबडी उष्णतेने आडवी झाली, तर तिला बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. सावलीत पंख्यासमोर धरून पाय आणि पोटाखालचा भाग साध्या गार पाण्यात ठेवावा, आणि ती शुद्धीवर येईपर्यंत चोचीत पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. खाली पसरलेले तूस ओले राहू देऊ नका. पावसाळी उबेत रक्ती हगवणीचे जंतू त्यातच वाढतात. जाड थर कुजताना स्वतःही उष्णता देतो, म्हणून या दिवसांत तो पातळ ठेवावा.

छाणीहून

जात निवडतानाच अर्धे काम होते, असे माझे मत आहे. मी एकदा हौसेने ब्रॉयलरची पिल्ले परसात वाढवली. अंगाने जड, पिसांनी दाट, ती पहिल्याच दमट आठवड्यात बसकण मारून राहिली. आता माझ्याकडे अंकलेश्वरी आणि उघड्या मानेच्या गावरान कोंबड्या आहेत. मानेवर पिसे नसल्यामुळे तिथून उष्णता सहज निघून जाते.

मात्र रात्रीविषयी इथे कुणी लिहिले नाही. आपल्याकडे जुलैच्या रात्रीही निवत नाहीत, आणि मुंगसाच्या भीतीने आपण लाकडी दार घट्ट लावतो, तेव्हा बारा कोंबड्या एकमेकींच्या अंगाची उष्णता रात्रभर सोसतात. मी दार काढून त्याजागी जाड तारेच्या जाळीचे दार बसवले, कडी दुहेरी केली आणि बसायची आणखी एक काठी लावली, म्हणजे त्यांना अंतर ठेवून बसता येते. तेव्हापासून पहाटे खुराडे उघडताना धापेचा आवाज आलेला नाही.