ॲपल म्हातारी झाली म्हणे!

सव्वाशेर
काल इथल्या चर्चेत चिंचोके यांनी ठोकून दिलं: "ॲपलकडे नवं काही उरलेलं नाही, शेअरचा भाव बायबॅकच्या (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याच्या) कुबड्यांवर उभा आहे, शहाण्याने विकून चिपवाल्या एनव्हिडियाचा शेअर घ्यावा." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर.

आधी ॲपलला कॉम्प्युटर कंपनी समजून तोलणं बंद करा. नावातला 'कॉम्प्युटर' त्यांनीच २००७ मध्ये काढून टाकला. सप्टेंबर २०२५ अखेरच्या वर्षात विक्री ४१६ अब्ज डॉलर, त्यात मॅक कॉम्प्युटर जेमतेम ३४. आयफोन २१०, सर्व्हिसेस (ॲप स्टोअर, आयक्लाउड वगैरे) १०९, आणि या सर्व्हिसेसमध्ये ढोबळ नफा शंभरात सत्तरच्या वर. म्हातारी म्हणे! १९९७ मध्ये डेल कॉम्प्युटरवाला मायकल डेल म्हणाला होता की ही कंपनी बंद करून भागधारकांचे पैसे परत करावेत. २९ सप्टेंबर २००० ला एका दिवसात भाव निम्म्याहून खाली आला. तेव्हा ज्यांनी हिचं तेरावं उरकलं, ते आज कुठे आहेत?

बायबॅकचं म्हणाल तर २०१३ मध्ये, स्प्लिट (एका शेअरचे अनेक करणं) धरून, साधारण २६ अब्ज शेअर होते. आज १५ अब्जाच्या आत. एक रुपया न घालता माझा वाटा वाढला. अशा कुबड्या मला रोज चालतील.

चिंचोके
आकडे फेकायचे तर पुरते फेका. २०२२ ला विक्री ३९४ होती, २०२५ ला ४१६. म्हणजे वर्षाला दोन टक्केसुद्धा नाही. आमच्या पतपेढीचं बचत खातं याहून बरं. प्रतिशेअर नफा ६.११ डॉलरवरून ७.४६, म्हणजे बावीस टक्के वाढ, त्यातलीही बरीचशी बायबॅकच्या कृपेने. आणि भाव? सप्टेंबर २०२२ अखेर १३८ डॉलर, सप्टेंबर २०२५ अखेर अडीचशेच्या वर. धंदा तोच, लोक नफ्याच्या जास्त पट भाव मोजायला लागले, म्हणजे पीई वाढला, बस्स. गुंतवणूकगुरू वॉरन बफेंच्या बर्कशायर कंपनीकडे २०२३ अखेर ॲपलचे नव्वद कोटी शेअर होते, नऊ महिन्यांत तीस कोटी उरले. त्यांनाही अक्कल शिकवणार का? स्वतःची गाडी बनवायचा बेत २०२४ ला गुंडाळला, साडेतीन हजार डॉलरचा व्हिजन प्रो हेडसेट कोणाच्या डोक्यावर दिसला नाही, आयफोनमधली बोलकी मदतनीस सिरी अजून बाळबोध.

सव्वाशेर
सोयीचा तळ बरा शोधलात! सप्टेंबर २०२२ ला अख्खा बाजार झोपला होता. त्याच वर्षी जानेवारीत भाव १८२ होता. तिथून मोजा आणि मग बोला.

चिंचोके
मोजलं. चाळीस टक्के. तरीही नफ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने. धन्यवाद, माझंच काम केलंत.

फ्रेमदरफ्रेम
मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, नाशिकला. २०२० चा एम-१ चिपवाला मॅकबुक एअर आहे, आत पंखाच नाही. मे महिन्यात, हळदीपासून वरातीपर्यंतचं फोर-के फुटेज टाकलं तरी मुकाट चालतो. आता प्रश्न असा की मी नवा का घेऊ? माल इतका टिकत असेल तर शेअरला वाईट नाही का? आणि २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत मॅकमध्ये ८ जीबी रॅम गळ्यात मारत होते, त्याचं समर्थन इथल्या एकाही भक्ताने करून दाखवावं.

सव्वाशेर
८ जीबीचं समर्थन नाही. तो कंजूषपणाच होता. पुढे.

सनीवेलची_सून
आम्ही २००३ मध्ये घेतले होते आणि घराच्या डाऊन पेमेंटसाठी २००५ मध्ये विकले. ते शेअर आज असते तर किती झाले असते, हा हिशेब नवरा दर दिवाळीला फराळ करताना काढतो. तेव्हा प्रॉडक्टवर भांडू नका. आयपॉड आमच्या खिशात होता तरी आम्ही विकलेच.

चाळीसगावकर
मंडळी, घ्या नाहीतर विका, पण भारतात बसून अमेरिकन शेअर स्वतःच्या नावावर ठेवताय, तर मेल्यावर काय होतं ते माहीत आहे का? आपण तिथले रहिवासी नाही, म्हणून तिथल्या ६०,००० डॉलरच्या वरच्या मालमत्तेवर इस्टेट टॅक्स, म्हणजे मृत्यूनंतरचा कर, चाळीस टक्क्यांपर्यंत. आपला त्यांच्याशी या कराबाबत करार नाही. माझे चुलत सासरे गेले. ब्रोकरने खातं गोठवलं आणि अमेरिकन कर खात्याचं ट्रान्स्फर सर्टिफिकेट आणा म्हणाला. मुलं अजून मेल पाठवताहेत, उत्तर येतं ते "आपली विनंती प्रक्रियेत आहे". वर्षश्राद्ध झालं.

पार्ल्याची_पै
घाबरवू नका हो लोकांना. म्युच्युअल फंडातून घ्यायचे.

चाळीसगावकर
कुठला फंड? सगळ्या फंडांची मिळून परदेशी गुंतवणुकीची ७ अब्ज डॉलरची मर्यादा २०२२ लाच भरत आली, तेव्हापासून दार कधी उघडं, कधी बंद. आणि घाबरवतोय काय? आयकर रिटर्नमधलं परदेशी मालमत्तेचं कोष्टक, शेड्यूल एफए, भरलंय का कधी? रिटर्न एप्रिल ते मार्चचं, आणि हे कोष्टक जानेवारी ते डिसेंबरचं. वर्षातला सर्वोच्च भाव शोधा, त्या दिवसाचा स्टेट बँकेचा डॉलर खरेदीचा दर (टीटी बाइंग रेट) शोधा. चार शेअरांसाठी!

पार्ल्याची_पै
मी दरवर्षी भरते. जेवणानंतर बसलं की होतं. रडायला निमित्त लागतं काहींना.

फ्रेमदरफ्रेम
आणि परदेशी पैसे पाठवताना, वर्षाला दहा लाखांच्या पुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापतात तो? तो पैसा गेलाच ना?

पार्ल्याची_पै
गेला नाही!! तो आगाऊ कापलेला कर आहे, रिटर्नमध्ये वळता होतो. किती वेळा सांगायचं? डिव्हिडंडवर तिथे कापलेले २५ टक्केसुद्धा वेगळा फॉर्म भरून इथल्या करातून वजा होतात. न वाचता बोंबलायचं नुसतं.

चाळीसगावकर
वाचून बोंबलतोय, ताई. इस्टेट टॅक्सवर अजून एक शब्द बोलला नाहीत.

पार्ल्याची_पै
त्यावर खरंच उपाय नाही. आयर्लंडमध्ये नोंदलेले ईटीएफ (बाजारात शेअरसारखे मिळणारे फंड) घेतले तर हा कर सुटतो, पण मग सुटा ॲपल नाही मिळत. झालं समाधान?

चिंचोके
माझा मूळ मुद्दा कोणाला आठवतोय का? विकायचे की ठेवायचे?

सव्वाशेर
ठेवतोय. साठ हजार डॉलरच्या वरचे तेवढे काढतोय. तुमच्या पीईमुळे नव्हे, चाळीसगावकरांच्या सासऱ्यांमुळे.

चिंचोके
विकताय ना? मग झालं.